चॅनेल दोन कुणी जाळलं

प्रिय दादा,

तुझ्या वर्षाच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, अकरा दिवस राहिलेत. वहिनीने स्मरणकार्ड छापायला टाकलंय. पुढे तुझा निळ्या शर्टातला फोटो, मागे चार ओळी. त्या ओळी मी लिहायच्या असं घरात परस्पर ठरलं, कारण तुझ्या टेबलाशी सगळ्यांत जास्त वर्षं मी बसले होते. तीन वेळा कागद पुढे ओढला. 'अत्यंत प्रामाणिक' इथवर आले की पेन अडायचं. शेवटी वहिनीला सांगितलं, बाई गं, ओळी तूच लिही. आणि चौथा कागद घेऊन हे लिहायला बसले.

मी रागावलेय, दादा. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं फादर म्हणाले. मग कधी धरायचा? तू होतास तेव्हा मला काही माहीत नव्हतं, आणि कळलं तेव्हा तू चर्चमागे जाऊन आडवा झाला होतास. काय वेळ साधलीस!

आता मी बोलणार आणि तू ऐकणार. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगणार. नऊ वर्षं तुझी गोष्ट चालली. आता माझी ऐक.

तो म्हातारा घरी आला तो दिवस आठवतो? कुठल्याशा प्रयोगशाळेने मोडीत काढलेला ऑसिलोस्कोप तू टेंपोत घालून आणलास. आपल्या भुईगावच्या गल्लीत टेंपो वळेना, म्हणून वाडीतल्या चौघांनी तो केळीतून उचलून आणला. त्याचं डोकं, म्हणजे केबली जोडायचा सुटा भाग, मात्र तू कुणाच्या हातात दिलं नाहीस. वहिनीच्या नव्या गोधडीत गुंडाळून, बाळंतिणीचं पोर आणावं तसं छातीशी धरून आणलंस. आईने विचारलं, हा टीव्ही का? तू म्हणालास, आई, यात विजेचा आकार दिसतो. आईने त्याच्यावर पवित्र पाणी शिंपडायला घेतलं आणि तू असा काही ओरडलास की तिचा हात तसाच वर राहिला.

घरामागच्या खोलीत तू मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचास. वसई पूर्वेच्या कारखान्यांतून माणसं यायची, बंद पडलेले मीटर पिशवीत घेऊन. मी बारावी झाले आणि तू मला खोलीत घेतलंस. हे मी विसरलेले नाही. पोरीला काय करायचंय सोल्डरिंग, असं बाबाच म्हणाले होते, आणि तू म्हणालास, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. त्या एका वाक्यावर मी सहा वर्षं जगले. म्हणून तर एवढी चीड येते! तू मुळात वाईट असतास तर मी खांदे उडवून मोकळी झाले असते.

म्हातारा कसा बघतो, हे तू मला पाववाल्यावरून शिकवलंस. शिकवताना तू नेहमी शाळेतल्यासारखं शुद्ध मराठी बोलायचास. आपली घरची बोली तुझ्या तोंडात यायची ती फक्त लाडात नाहीतर रागात. तू म्हणालास, हा सिग्नल इतका चपळ आहे की त्याच्यामागे धावणं या यंत्रालाही शक्य नाही. म्हणून ते धावतच नाही. समज, पाववाला रोज सकाळी त्याच रस्त्याने, त्याच वेगाने सायकलवरून जातो आणि गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजवतो. आज भोंगा ऐकताच तू खिडकी क्षणभर उघडून मिटलीस. तो दिसला क्रुसाजवळ. उद्या भोंग्यानंतर एक आकडा मोजून उघडलीस. दिसला विहिरीजवळ. परवा दोन आकडे मोजून. महिन्याभरात त्याचा अख्खा रस्ता तुझ्याकडे ठिपक्याठिपक्यांनी काढून तयार, आणि तू जागची हललीही नाहीस!

भोंगा म्हणजे ट्रिगर. खिडकी म्हणजे डोक्यातले इवलेसे डायोड. ते सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही छोट्याशा तुकड्यापुरते उघडतात. तेवढ्यात जेवढं व्होल्टेज आत शिरेल तेवढं एका चिमुकल्या कपॅसिटरमध्ये अडकतं, मग म्हातारा निवांतपणे त्याचा आकडा करतो आणि पडद्यावर एक ठिपका ठेवतो. पुढच्या फेरीला किंचित उशिरा, पुढचा ठिपका. हजारो फेऱ्या झाल्या की लाट उभी राहते. नवे हलके स्कोप जिथे आंधळे व्हायचे तिथे आपल्या म्हाताऱ्याला लख्ख दिसायचं. अट एकच, पाववाला रोज यायला हवा. एकदाच येऊन गेलेला म्हाताऱ्याला दिसत नाही.

मी विचारलं होतं, खिडकीला गज का नाहीत? चुकून जास्त व्होल्टेज आलं तर अडवणारं काहीतरी हवं ना? तू खूश झालास. म्हणालास, गज लावले की खिडकी जड होते, झटकन उघडत नाही. म्हणून डोक्याची चारही तोंडं, चारही चॅनेल, उघडी. दोन व्होल्टच्या वर गेलं की खेळ खलास. आणि आपल्या हाताबोटांवर साठलेली स्टॅटिक वीज हजारांत असते, आपल्याला पत्ताही नसतो.

म्हणून तू चौकटीला तांब्याची पट्टी ठोकलीस, अर्थिंगला जोडून. चर्चमध्ये शिरताना पवित्र पाण्यात बोट बुडवावं तसं आपण त्या पट्टीला हात लावून आत जायचो. मग मनगटावर बँड, तोही तारेने अर्थिंगला जोडलेला. मग केबलचं टोक आधी जमिनीला टेकवायचं, कारण केबलही पोटात वीज धरून बसते. त्यानंतरच डोक्याशी जोडायचं. सहा वर्षांत मी किती वेळा जोडली असेल? आणि एकदा चुकले.

निदान, चुकले असं मी समजत होते.

ऑगस्ट होता. भिंतींना पाणी सुटलेलं, डब्यातल्या मिठाचा चिखल झालेला. दुपारी तू जेवायला गेलास आणि मी डोक्याची तोंडं पुसून घेतली. बँड घातला नव्हता. हातात फडकं होतं आणि मनात दुसऱ्या दिवशीचा आतेबहिणीचा साखरपुडा. पुसलं आणि शिवायला टाकलेले कपडे आणायला गेले. साडेचारला परत आले तर तू टेबलाशी बसला होतास, पडद्यावर चॅनेल दोनची रेष वर जाऊन चिकटली होती, आणि तुझा चेहरा पिठासारखा झाला होता.

तू विचारलंस, "दुपारी बँड घातला होता?"

मी म्हटलं नाही.

तू म्हाताऱ्याचं बटण बंद केलंस. मग म्हणालास, "यापुढे तू या डोक्याला हात न लावलेला बरा."

शुद्ध मराठीत, दादा! मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरोखर चिडलेला तू घरच्या बोलीत शिव्या घातल्या असत्यास, फडकं फेकलं असतंस, पंधरा मिनिटांनी चहा मागितला असतास. पण मी कसली तुझी बोली तपासत बसते! मी रडत होते. आणि ऑगस्टात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, जिथे काडेपेटी पेटत नाही तिथे बोटांवर कोरड्या हवेतच साठणारी स्टॅटिक कुठून आली, हा साधा प्रश्न मला पडला नाही. तुला पडला असणार. तू विचारला नाहीस.

दुसऱ्या दिवशी चॅनेल दोनच्या तोंडावर लाल टोपण बसवलंस. उघडायचं नाही, तपासायचं नाही, सुटे भाग मिळत नाहीत, उगीच आणखी बिघडेल, असं म्हणालास. बाकीच्या तीन चॅनेलवर तुझं काम चालू राहिलं. कुणी टोपणाचं विचारलं की तू म्हणायचास, आमच्या रेमीच्या हातून गेलं, होतं असं, लहान आहे. हसून म्हणायचास. लोकांना वाटायचं, काय मोठ्या मनाचा माणूस!

आणि मग तू मला माफ केलंस. हे मी कसं विसरू? उपवासकाळात, गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, आईबाबांच्या देखत, तू माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास की माझ्या मनात काही नाही. आई डोळे पुसत होती. मी तुझा हात हातात घेऊन कपाळाला लावला. लाज वाटली नाही तुला? मी तुझ्या गुन्ह्याबद्दल तुझे आभार मानत होते आणि तू ते घेतलेस. गोडीने घेतलेस.

त्यानंतर माझा हात स्थिर राहिला नाही. आठवतं ना? सोल्डरिंग आयर्न धरलं की टोक थरथरायचं. तू म्हणालास, काही दिवस बिलं आणि पार्सलं बघ. काही दिवसांची दोन वर्षं झाली. मग मी विरारला, फुलपाड्यात, एका शाळेच्या ऑफिसात लागले. सात वर्षं दाखले लिहितेय. घरातला मिक्सर बंद पडला तर मी तो दुकानात नेऊन देते, दादा. मी! दुकानदार मला समजावून सांगतो की आतला कार्बन झिजलाय, आणि मी मान डोलावते.

आता गेल्या महिन्याचं सांगते.

वहिनीला खोली रिकामी करायची होती. जुन्या यंत्रांचा एक व्यापारी सगळं एकदम उचलणार होता. तिने मला म्हटलं, काय चालू, काय बंद, तेवढी यादी करून दे. रविवारी सकाळची मिस्सा आटोपून मी गेले. तुझ्या खोलीत वर्षभर कुणी शिरलं नव्हतं. पट्टीला हात लावला, बँड घातला. हात आपसूक गेले.

म्हातारा सुरू झाला. पडदा उजळायला वेळ लागला, पण उजळला. चॅनेल एक, तीन, चार ठीक. यादीत लिहिलं. 'चॅनेल दोन बंद' लिहायला गेले आणि वाटलं, नुसतं बंद का लिहू? काय गेलंय ते तरी लिहू. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते लाल टोपण काढलं आणि मल्टीमीटरच्या सळया लावल्या. दोन मिनिटांचं काम! चांगल्या तोंडाशी पन्नास ओहम दाखवायला हवं. मीटरने काहीच दाखवलं नाही. आतला रस्ताच तुटलेला.

मी खुर्चीवर बसले. हाताच्या स्टॅटिकने डायोड मरतो. तो मेला तरी तोंडाजवळचा पन्नास ओहमचा रेझिस्टर सहसा जागेवर असतो. हे तूच मला शिकवलंयस, दोनदा, वहीत चित्र काढून. तो रेझिस्टर जाळायला भरभक्कम व्होल्टेज लागतं, आणि तेही टिकून. फडक्याने नाही जळत तो.

डोकं उघडलं. भिंगाखाली, चॅनेल दोनच्या जागी, करपलेल्या मोहरीएवढा काळा डाग होता.

पण दादा, डाग मी नंतर बघितला. आधी बघितले स्क्रू. तुझी सवय मला नाही माहीत तर कुणाला? आपण उघडलेलं यंत्र बंद करताना तू प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाकायचास. दुसऱ्या कुणी उघडलं तर थेंब तडकतो, आणि उघडणारा पकडला जातो. दरवर्षी रंग बदलायचास, म्हणजे कुठल्या साली उघडलं ते कळतं. वहिनी वैतागायची, दुकानदाराला वाटत असेल मी किती नटते. त्या डोक्याच्या सगळ्या स्क्रूंवर जांभळे थेंब होते. अखंड. जांभळा म्हणजे आतेबहिणीच्या साखरपुड्याचं वर्ष. ती बाटली मीच तुला वसईच्या बाजारातून आणून दिली होती.

म्हणजे त्याच वर्षी तू डोकं उघडलंस. डाग बघितलास. नीट बंद केलंस, थेंब टाकलेस, वर लाल टोपण लावलंस. आणि पुढच्या उपवासकाळात मला माफ केलंस.

मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी माशांचं वाटण काढत होती. मी फक्त विचारलं, चॅनेल दोन कुणी जाळलं?  मग तिने नळाखाली हात धुतले, पदराला पुसले, आणि खाली बसली.

"टोपी लावायची राहिली त्यांची," वहिनी म्हणाली. "त्या दिवशी पल्स मशीन तपासायला आलं होतं ना? पन्नास व्होल्टचं. पितळी टोपी न लावता सरळ जोडलं. वास आला तेव्हा कळलं त्यांना."

पितळी टोपी! केबल आणि तोंडाच्या मध्ये बसवायची, सिग्नल लहान करून आत सोडणारी. मी सहा वर्षांत एकदा जरी विसरले असते तर तू मला खोलीबाहेर काढलं असतंस. जेवणानंतर घाईत होतास, गिऱ्हाईक पाचला येणार होतं. चुकलास. बस, एवढंच! एकदाच घडलं, आणि एकदाच घडलेलं म्हाताऱ्याला दिसत नाही, हे तुझ्या पथ्यावर पडलं.

मी वहिनीला विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे. ती म्हणाली, त्याच वर्षीच्या ख्रिसमसपासून. म्हटलं, आणि दोघं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?

"ते म्हणायचे, रेमीने विचारलं तर लगेच सांगेन," ती म्हणाली. "तू कधी विचारलंसच नाही गं."

विचारायचं तरी काय, दादा? माझा गुन्हा तुझा आहे का, असं? तू मला तपासू दिलं नाहीस, उघडू दिलं नाहीस, आणि विचारायची जबाबदारीही माझ्याच गळ्यात मारलीस!

वहिनी तुझी बाजू घेत होती. म्हणाली, तुझ्या हातून यंत्र मरत नाही असं सगळे म्हणायचे, त्याची तुला भीती बसली होती. आधी वाटलं एक दिवस गप्प बसू, मग एक आठवडा, मग इतके दिवस झाले की तोंड उघडायची सोय राहिली नाही. आणि सगळ्यांत जास्त भीती माझीच होती म्हणे. मी तुला मानते ते मानेनाशी होईन.

मूर्खा! मी एक दिवस हसले असते. फार तर आठवडाभर चिडवलं असतं, साखरपुड्यात सगळ्या आत्यांना सांगितलं असतं. मग दोघांनी मिळून दुसरं डोकं शोधलं असतं. तू चुकलास याचा मला राग नाही, हे नीट ऐक. मी चुकले असं तू मला नऊ वर्षं वाटू दिलंस, याचा आहे.

दर ईस्टरच्या आधी तू कन्फेशनला जायचास. पांढरा शर्ट घालून, इस्त्री करून. तिथे गुडघे टेकून हे सांगितलंस का? सांगितलं असशील तर फादरांनी काय प्रायश्चित्त दिलं, दहा वेळा नमो मरिया? आणि माझं दार अंगणापलीकडे, वीस पावलांवर होतं. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात रोज संध्याकाळी मी तुझ्याजवळ बसायचे. तू मला काय सांगितलंस? विहिरीच्या पंपाचा वॉशर बदलायला हवा. केळीला आधार द्या. शुद्ध मराठीत सांगत होतास. मला वाटलं औषधांमुळे.

वहिनीशी मी दोन आठवडे बोलले नाही. आता बोलते, कामापुरतं. ती बिचारी रोज काहीतरी डब्यात घालून पाठवते. त्यातलं सुकटीचं कालवण मी खाल्लं, हे तिला सांगू नकोस.

पण खोली मी विकू दिली नाही. व्यापाऱ्याला परत पाठवलं. शाळेत महिन्याची नोटीस दिली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, या वयात कुठे नव्या कामाला लागता? मी म्हटलं, लागत नाही मॅडम, परत जातेय.

मागच्या रविवारी पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं. हात थरथरला. तसाच धरून ठेवला, एका जुन्या मीटरची एक तार जोडली, तोडली, पुन्हा जोडली. सातव्यांदा टाका चकचकीत बसला. तू असतास तर 'बघू' म्हणून हातातून ओढून घेतला असतास, आणि काही न बोलता परत दिला असतास. तुझ्या तोंडून तेवढं कौतुक पुष्कळ होतं. त्या क्षणी तुझी इतकी आठवण आली की मी आणखीच चिडले.

मग एक कागदाची पट्टी कापली. लिहिलं: 'चॅनेल दोन बंद. कारण, पन्नास व्होल्ट सरळ जोडले. हातून, सायमन.' ती डोक्यावर, चॅनेल दोनच्या तोंडाखाली, चिकटवली. दुपारी वहिनी चहा घेऊन आली. चष्मा नव्हता, म्हणून वाकून वाचली. मला वाटलं उपटून काढेल. तिने पट्टीचा एक कोपरा वर आला होता तो अंगठ्याने दाबून बसवला, आणि कप ठेवून गेली.

आता शब्द देते, आणि तुझ्यासारखा नाही, पाळण्यासाठी देते. मी जुन्या गिऱ्हाइकांना फोन करतेय. कुणाकडे तरी, कुठल्यातरी कपाटात, असंच एखादं मेलेलं डोकं पडलेलं असेल ज्याचं एक तोंड अजून चांगलं आहे. ते मी शोधणार, काढणार आणि आपल्या डोक्यात बसवणार. या खोलीत माझ्या हातून काही जळलं तर त्याच दिवशी, गिऱ्हाइकासमोर, माझं नाव घेऊन सांगणार. आणि चॅनेल दोनवर पहिला ठिपका उमटेल त्या दिवशी तुला माफ करून ती पट्टी माझ्या हाताने काढणार. त्याआधी नाही, फादर कितीही म्हणोत. तोवर ती तिथेच राहील, दादा. आणि मीही.

तुझ्यावर चिडलेली,
तुझी रेमी